पिवळा दाखवणारा मॉनिटर

काल दुकानाचा माळा आवरताना तो जुना मॉनिटर सापडला आणि नेरच्या माझ्या पहिल्या फ्लेक्सच्या दुकानातला शाईचा उग्र वास नाकात शिरला.

मॉनिटर मी यवतमाळहून घासाघीस करून निम्म्या किमतीत आणला होता. विकणाऱ्याने मला फसवलं, हे आजही डोक्यातून जात नाही. एके दिवशी माझ्याकडे डिझाइन करणारा दिगांबर स्वतःच्या वडिलांच्या तेरवीचा बॅनर करत होता. पडद्यावर वडिलांचा चेहरा पिवळा दिसत होता. त्याने सॉफ्टवेअर दोनदा बंद करून उघडलं, रंगांच्या सेटिंग बदलल्या, तरी पिवळेपणा जाईना.

“भाऊ, फाइल बरोबर हाय. मॉनिटरच पिवयं दाखवून राह्यला.”

माझ्या सौद्याला नाव ठेवलेलं मला खपलं नाही. “तुले काय कयते? सरक तिकडे,” म्हणून मीच खुर्चीत बसलो. पिवळा कमी केला, निळा वाढवला. पडद्यावर म्हातारा अगदी जिवंत दिसू लागला. मी त्याच फाइलवर सेव्ह केलं.

मशीनमधून निळा चेहरा बाहेर आला. दिगांबरने ओल्या शाईकडे पाहिलं.

“पुन्हा छापू,” मी म्हणालो.

“राहू द्या भाऊ. शेवटच्या दिवशी बाबा असेच दिसत होते.”

बॅनर गुंडाळून तो गेला, तो परत कामावर आलाच नाही.

काल ती फाइल जुन्या डिस्कवर मिळाली. नव्या, चांगल्या स्क्रीनवर उघडली. चेहरा निळाच आहे. बराच वेळ पिवळा वाढवत बसलो, पण तो माणूस मुळात कसा दिसायचा, हेच आता मला आठवत नाही.