मुंग्या आलेला हात

पलूसच्या आठवडी बाजारात शाहजादी मणेर बांगड्या भरायची. कितीही आखडलेला हात तिच्या बोटांत सैल पडायचा. एकदा तिच्याच डाव्या हाताला मुंग्या आल्या. तिनं मोबाइलला विचारलं, तर त्यानं हृदयापासून मेंदूपर्यंतचे सगळे आजार दाखवले. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मानेची शीर आखडलीय, मान फिरवायचा व्यायाम करा. परतीच्या एसटीत तिनं पुन्हा मोबाइल काढला आणि शोधलं, डॉक्टर चुकतात का?

मग तिचा बाजारच सुटला. दिवसभर ती स्वतःची नाडी धरून बसायची.

एका दुपारी तिचं जुनं गिऱ्हाईक बयाबाई लग्न ठरलेल्या लेकीला घेऊन दारात आली. "आवं भाभी, हिचा चुडा तुमीच भरायचा. दुसऱ्याकडं बसंना ही."

शाहजादी नाइलाजानं बसली. निम्मा हिरवा चुडा भरला आणि हाताला मुंग्या आल्या. छाती धडधडली. हात आपसूक मोबाइलकडं गेला. पोरगी घाबरून बघत होती. शाहजादीनं मोबाइल उचलला आणि पालथा ठेवला.

"भ्या वाटतंय व्हय? ऱ्हाऊ द्या मग," बयाबाई म्हणाली.

"का ऱ्हाऊ द्या? भ्याला बसू दे की शेजारी. हाताला मुंग्या आल्यात, काम न्हाई इसरला त्यो!"

एक बांगडी टिचून वाढली. तिनं दुसरी घेतली. चुडा पुरा झाला.

पुढच्या बाजाराला तिनं दुकान मांडलं. मुंग्या आल्याच. तिनं भर बाजारात उभं राहून मान फिरवली. शेजारचा भाजीवाला हसला.

"हास की," शाहजादी म्हणाली आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला.