पुलाआधीचे लांडगे

माझा दादा आमलीतल्या धाग्याच्या कंपनीत दिवसभर तुटलेले धागे जोडतो. ड्युटीनंतर कॉम्प्युटरवर खेळायला त्याला जेमतेम एक तास मिळायचा. गेममधल्या पुलापलीकडचं गाव त्याला बघायचं होतं, पण दर दहा पावलांवर लांडगे अंगावर यायचे. म्हणून आम्ही कामं वाटून घेतली. दुपारी लढाया मी करायच्या, संध्याकाळी गोष्ट त्याने बघायची.

एकदा मी पुलापर्यंतचा सगळा रस्ता मोकळा करून गेम सेव्ह केला. दादाने तो उघडला, दहा पावलं टाकली आणि तेच लांडगे पुन्हा आले.

"काय गं, दुपारी झोपली होतीस का?"

"देवाशप्पथ दादा, सगळे मारले होते!"

"मग हे आमच्या कंपनीतलं खातंच झालं. जोडा, तुटलं, परत जोडा." तो हसून उठला आणि आंघोळीला गेला.

मला तो गेम बनवणाऱ्यांचा अजून संताप येतो. लढाई एकच ठेवा, पण हरायची भीती वाटेल अशी, आणि जिंकल्यावर रस्ता आपला होऊ द्या. मेलेले लांडगे उठवून गेम लांबवणं ही चोरी आहे, आणि तीही कामगाराच्या एकुलत्या तासाची. दादाने त्या गावाचं नाव पुन्हा काढलं नाही. त्याच्याशिवाय मीही तो पूल ओलांडलेला नाही.