सुपारीआधीची तपासणी

आमच्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. माझे आईबाबाही त्यातलेच, बाबा म्हणजे आईच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. त्यामुळं माझ्या धाकट्या भावासाठी हातकणंगल्याच्या मामांची पोरगी ठरली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. त्या दोघांचं तर आधीपासूनच जमलं होतं. सुपारी फोडायच्या दिवशी आडवी आले ती मी.

माझं दुखणं शाळेत असतानाच सुरू झालं. चालताना तोल जायचा. गल्लीतली पोरं "दारू टाकून आलीस काय गं?" म्हणून चिडवायची. आईनं जोतिबाला नवस केला, बाबांनी टॉनिकच्या बाटल्या आणल्या. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, शरीरात एक प्रथिन पुरेसं तयार होत नाही, त्यानं नसा कमजोर होतात, पुढं हृदयही. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच हा आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस जन्मभर ठणठणीत, त्याला पत्ताही लागत नाही. आणि एकाच घराण्यात लग्न झालं की दोघांकडंही तोच दोष असायची भीती जास्त. आता मी चाकाच्या खुर्चीत आहे, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. जीभही जड झालीय, पण गप्प बसेल तर ती माझी कसली!

तर पावणं बसलेले, सुपारीचं ताट पुढं आलेलं, आणि मी म्हणाले, "थांबा. आधी दोघांचं रक्त तपासायचं."

मामा भडकले. "चांगल्या कामात काय ही कटकट! माझी पोरगी धडधाकट हाय की!"

"मामा, आईबाबा बी धडधाकटच हायेत की. आणि मला बघा. लग्न मोडा म्हणत न्हाय मी. दोघांत दोष निघाला तर पोराबाळांचं काय करायचं, ते आधी डॉक्टरांना विचारू."

मागून कुणीतरी पुटपुटलं, हिचं जमलं नाही म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही. लागलं मला. डोळ्यांत पाणी आलं, संतापही आला. पण खुर्चीचा ब्रेक लावून मी ताटासमोरच बसले. भावानं मान खाली घातली. त्याला ती हवी होती. मलाही वहिनी म्हणून तीच हवी होती.

मग आई उठली.

"म्हंजे तू झाली नसतीस तर बरं झालं असतं, असंच म्हणायचं हाय न्हवं तुला?"



"न्हाय गं आई. मला जगायचंय. लई जगायचंय. पर ह्यांचं पोर गल्लीत पळताना बघायचंय मला."

आई पदरानं तोंड पुसून मामांकडं वळली.

"आमच्या वक्ताला सांगणारं कोण न्हवतं, दादा. आता माझी लेक सांगतीया."