मे महिन्यातील शाली

आमच्या वसाहतीतील उद्यानास उद्यान म्हणणे हा निव्वळ कागदोपत्री शिष्टाचार आहे. चार कडुनिंब, एक मोडकी घसरगुंडी आणि संक्रांतीलाच पिवळे पडणारे गवत, एवढीच त्याची स्थावर मालमत्ता. तथापि तिच्या रक्षणार्थ एक मित्रमंडळ स्थापन झालेले असून त्यात निवृत्त अधिकारी, रस्त्या-नाल्यांची कंत्राटे घेणारे काही गुत्तेदार आणि पहाटे हात हलवीत फिरणारे सर्व सद्गृहस्थ सामील आहेत.

मी हिंगोलीच्या तहसील आवारात बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. परंतु या मंडळातील पदवीधरांचे अर्जही मीच लिहितो, कारण आपणांस नेमके काय हवे आहे, हे त्यांना दोन ओळींत सांगता येत नाही. परवानगीचे अर्ज फुकटात व्हावेत म्हणून त्यांनी मला स्वयंसेवक करून घेतले. मीही होकार दिला. या कामात एक तरी जाणता माणूस असणे आवश्यक होते.

त्यांचे श्रमदान मी पाहिले आहे. कोरे झाडू, दांड्याला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत असलेली. फोटो निघेपर्यंत झाडले, नंतर झाडू झाडाला टेकवून मंडळी चहाला गेली. कचऱ्याचा ढीग मी उचलला.

उन्हाळ्यात मंडळाने सांस्कृतिक संध्या ठरवली. माझ्या शेजारी सरकारी दवाखान्यातील एक परिचारिका भाड्याने राहतात. त्यांचे माहेर बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडून रक्तदाब तपासून घेतात आणि पाठ फिरली की त्यांना ‘तांड्याची’ म्हणतात. त्या माझ्याकडे आल्या व म्हणाल्या, “काका, माझ्या याडीला एकदा गाऊ द्या ना इथं.” याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. “लेक सासरी निघाली की आमच्याकडं गळ्यात पडून गाणं म्हणतात. माझ्या लग्नात सासरच्यांनी डीजे लावला व्हता. याडी म्हणत व्हती, तिचं तोंडच हाललेलं दिसलं मला. आईकूच न्हाई आलं.”

मी कार्यक्रमपत्रिकेत तांड्याच्या बायांचे गाणे पहिले घातले. कारणही स्पष्ट होते. तांड्याकडची शेवटची एसटी दिवेलागणीला उद्यानासमोरच्या थांब्यावरून जाते. शिवाय अर्जात विषय सर्वांत वर लिहितात आणि ज्यांना नुसती माहिती द्यायची, त्यांची नावे तळाशी जातात. हे तहसीलच्या शिपायासही ठाऊक आहे. मंडळाच्या अध्यक्षांना ते ठाऊक नव्हते.

“अर्जनवीस साहेब, पाहुणे आधी घ्यावे लागतात,” ते म्हणाले. “नाराज होतात.”

“आणि बाया?”

“त्या काहून नाराज होतील? त्यांना तर बोलावलंय.”

त्या दिवशी लोखंडी बाक सायंकाळीही हात लावू देत नव्हते. मी पाणी शिंपून धूळ बसवली आणि सतरंज्या अंथरल्या. आरसे जडवलेले पोशाख घालून पाच-सहा बाया वेळेच्या आधीच येऊन मंचालगत बसल्या. समोर परिचारिकाबाई, त्यांच्या मागे गल्लीतल्या बायका. मग सत्कार सुरू झाले. प्रमुख पाहुण्यांचा झाला. ज्यांनी तो केला त्यांचा झाला. मग ज्यांनी खुर्च्या दिल्या, ज्यांनी दिल्या असत्या, आणि ज्यांच्या घरी लग्न असल्याने येता आले नाही त्यांच्या मेहुण्यांचा. प्रत्येकाच्या अंगावर भर मे महिन्यात लोकरी शाल. घाम हनुवटीवरून नारळावर टपकत होता, पण शाल कोणी उतरवीना.

“ये बाई,” तांड्याची एक बाई कुजबुजली, “ह्या लोकायले थंडी वाजून राहिली काय?”

“गप बस,” याडी म्हणाली. “ताप असल.”

मी मंचाच्या मागून अध्यक्षांना एसटीची आठवण करून दिली. “फक्त दोनच राहिले,” ते म्हणाले. तेवढ्यात सूत्रसंचालकाने जाहीर केले, “अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास त्यांनी कृपया मंचावर यावे.” इतके घातक वाक्य मी आयुष्यात लिहिलेले नाही. अर्धी पहिली रांग उठली. शाली संपल्या, तेव्हा बायांसाठी बाजूला ठेवलेला गठ्ठा सोडण्यात आला.

थांब्यावर एसटीचा हॉर्न वाजला. याडी उठली.

“चला गं. एसटी काही सत्कारासाठी थांबत न्हाई.”

“याडी, राहा की आजच्या दिवस,” लेक मागे धावली. “उद्या सकाळी सोडते तुला.”

“अन् बकऱ्या कोण सोडन? तू?”

फाटकाशी लेकीचे डोळे भरून आले. म्हातारीने तिच्याकडे पाहिले, तिच्या गळ्यात हात टाकला आणि तिथेच सूर लावला. माईक नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. बाकीच्या बाया येऊन बिलगल्या. मंचावर एका गुत्तेदाराचा परिचय वाचला जात होता. प्लास्टिकच्या खुर्च्या एकेक करून वळल्या, आणि थोड्याच वेळात सगळ्या सभेची पाठ मान्यवरांकडे झाली. कंडक्टर पायरीवर उभा होता. त्याने घंटीची दोरी सोडून दिली. “म्हणा मावशी,” तो म्हणाला, “आमाला काही घाई न्हाई.”

गाणे पुरे झाले. लेक रडत होती, पण या खेपेस तिने ते ऐकले होते.

एवढ्यात अध्यक्ष धापा टाकीत आले. हातात शाल होती, मंचावर कोणाच्या तरी खांद्यावरून ओढून आणलेली. “थांबा, थांबा, सत्कार राहिला! फोटोवाले, इकडे या!”

याडीने शाल चाचपून पाहिली आणि परत त्यांच्याच खांद्यावर टाकली. “तुमीच घ्या भाऊ. पार वली झालीय घामानं, सर्दी व्हईल कोणाला.”

कंडक्टर मोठ्याने हसला. एसटी गेली. त्या गाण्यात लेक निघते आणि आई दारात राहते. इथे आई निघाली आणि लेक फाटकाला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी नळावर, ‘तांड्याची’ म्हणण्यात जी बाई सर्वांत पुढे असे, तीच परिचारिकाबाईंना विचारत होती, “सिस्टर, त्या गाण्याचा अर्थ काय हो?” त्या सांगत होत्या, आणि बायकांच्या घागरी भरून वाहत होत्या.

मंडळाची बैठक त्याच सायंकाळी झाली. विषय एकच होता: परत आलेली ती शाल मूळची कोणाची.