दादाच्या चकतीसाठी भोपाळ

नागपूरहून भोपाळला मी आजवर लग्नांना गेले, बारशांना गेले, आणि दोन वर्षांपूर्वी वहिनीच्या दिवसांना गेले. चकती निवडायला मात्र पहिल्यांदाच गेले.

झालं असं, की एका संध्याकाळी कॅनडाहून माझ्या भाचीचा, मुग्धाचा फोन आला.

"आत्या, बाबा डिस्क गोल्फ सोडतायत."

"का गं?"

"म्हणे माझा हात गेला. रोज सकाळी सरावाला नेम लागतो आणि रविवारी सामन्यात एकही लागत नाही. तिवारीकाकांना सांगणारेत, दुसरा जोडीदार बघा म्हणून. आत्या, आई गेल्यापासून ते एवढ्या एकाच गोष्टीसाठी घराबाहेर पडतात. तू जा ना. सरळ जाणारी पटर मिळाली तर एक रविवार अजून खेळीन म्हणालेत."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोल्फसारखाच खेळ, पण चेंडूऐवजी ताटलीएवढी प्लास्टिकची चकती हाताने फेकायची. भोकाऐवजी लोखंडी खांबावर एक जाळीची टोपली असते आणि तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की ते ठिकाण झालं. लांब फेकायच्या चकत्या वेगळ्या, आणि टोपलीजवळ आल्यावर नेमाने टाकायची ती पटर. ती सरळच जायला हवी. दादाची डावीकडे वळत होती.

मी शुक्रवारचं सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. हिवाळ्यात हा प्रवास करणार असाल तर दिवसाचीच गाडी घ्या. बैतूलनंतर सागाचं जंगल आणि बोगदे लागतात, ते झोपेत घालवू नका. इटारसीला गरम समोसे डब्यातच येतात. त्यानंतर थोड्याच वेळात नर्मदा. माझ्या समोरच्या बाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं, "उठो जी, मैया आ गईं!" तो दचकून उठला, हात जोडले आणि विचारलं, "समोसे निकल गए क्या?" बाईंनी कपाळावर हात मारला.

पूल ओलांडला की बुधनीचा घाट, आणि घाट संपला की मला माहेर लागतं. नव्या भोपाळात जायचं असेल तर मुख्य स्टेशनापर्यंत जाऊ नका, अलीकडेच राणी कमलापतीला उतरा. आम्ही जुनी माणसं अजून हबीबगंजच म्हणतो. तिथून साकेत नगर रिक्षाने अगदी जवळ आहे.

दादा फलाटावर उभा होता. अंगात वहिनीने विणलेला राखाडी स्वेटर, कोपरावर आता विरविरीत झालेला. "मंजू, बॅग दे इकडे. हलकी आहे तर मग आणलंस काय?" हे त्याचं स्वागत. संत्र्याची बर्फी आणली आहे म्हटल्यावर चेहरा जरा निवळला.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने मला त्याच्या चकत्या दाखवल्या. लोखंडी कपाटातून एक मऊ फडक्यात गुंडाळलेली पिवळी पटर काढली. मुग्धाने पाठवलेली, कोरी करकरीत. "ही रविवारची." मग दाराजवळच्या पिशवीतून दुसरी काढली. तीही पिवळी, त्याच कंपनीची, त्याच साच्यातली, पण खरचटलेली, मळकी, कडेला दाताने चावल्यासारखी. "ही रोजची. सरावाची."

"आणि रोज नेम लागतो?"

"रोज! तिवारीला विचार. रविवार आला की बेकार. टेन्शन घेतो मी, दुसरं काय. वय झालं." फडकं पुन्हा नीट गुंडाळत तो म्हणाला, "हा शेवटचा रविवार, मंजू. माझ्यापायी त्या बिचाऱ्या तिवारीने किती दिवस हरायचं?"

शनिवारी सकाळी आम्ही महाराणा प्रताप नगरला गेलो. क्लासला चाललेल्या मुलामुलींच्या गर्दीतून वाट काढत एका गल्लीतल्या खेळांच्या दुकानात पोहोचलो. बॅडमिंटनच्या रॅकेटांमागे डिस्क गोल्फच्या थोड्या चकत्या होत्या. किंमत प्रत्येकी हजाराच्या पुढे.

तुम्हाला पटर घ्यायची असेल तर त्या दिवशी मी जे शिकले ते सांगते. चकतीवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन वेग आणि तरंगणं यांचे. सरळपणासाठी शेवटचे दोन बघा: एक वेगात असताना वळण्याचा, दुसरा वेग संपताना वळण्याचा. दोन्ही शून्य किंवा शून्याच्या जवळ हवेत. हातात धरून बघा, कड बोटांना जाड वाटता कामा नये. थंडीत कडक प्लास्टिक निसटतं, जरा मऊ घ्या.

दादाने हे सगळं केलंच, शिवाय खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला. तो कारखान्यात तपासणी विभागात होता. लग्नासाठी वहिनीला बघायला गेला तेव्हा कॅलिपर घरी ठेवून गेला होता, असं आमची आई मोठ्या कौतुकाने सांगायची. तो एकेका चकतीची कड मोजायला लागला तसा दुकानदार काउंटरवर रेलून बघत राहिला.

"अंकल, फेंकने की चीज़ है, नापने की नहीं."

"नापे बिना फेंकें कैसे?" दादा वर न बघता म्हणाला.

शेवटी एक निळी पसंत पडली. शेवटचे दोन्ही आकडे शून्य. दुकानदाराने सांगितलं, "एक दिन ट्राय कर लो. नई की नई रही तो वापस. खरोंच आई तो आपकी."

कोपऱ्यावर आम्ही भोपाळी मिठाचा चहा प्यायलो. पहिल्यांदा पिणाऱ्याला तो चुकून झालेला वाटतो, दुसऱ्या घोटाला पटतो. दादा उत्साहात होता. शून्य, शून्य असं दोनदा पुटपुटला.

दुपारी पिपलानी. आमचं बालपण इथल्या कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये गेलं. रांगेतली तीच घरं, कुंपणाला मेंदी, संध्याकाळी स्कूटर लावल्याचे आवाज. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत सिस्टरांपुढे इंग्रजी, अशा तीन भाषा आम्ही दप्तराबरोबर वाहायचो. दादा खेळतो त्या मैदानाच्या कडेची निलगिरीची झाडं आता फारच उंच झाली आहेत. टोपल्या निवृत्त मंडळींनी स्वतः वेल्ड करून बसवल्या आहेत. मजबुती अशी, की रणगाडा आला तरी टोपली हलायची नाही.

तिवारीजी आधीच आले होते. दादाचे जुने सहकारी, गोल चेहऱ्याचे, कानटोपी घातलेले. "प्रणाम दीदी! अच्छा हुआ आप आ गईं. इनको समझाइए, रिटायर एक बार होते हैं, बार-बार नहीं."

दादाने निळी चकती काढली. खरचटू नये म्हणून तो ती फक्त गवताच्या बाजूने फेकत होता आणि प्रत्येक फेकीनंतर रुमालाने पुसत होता. मी टोपलीच्या मागे जाऊन उभी राहिले. शाळेत थ्रोबॉल शिकवताना आमच्या सिस्टर म्हणायच्या, फेकणाऱ्याकडे बघू नका, चेंडूकडे बघा. मैदानावरची तेवढी एक गोष्ट माझ्या कायमची लक्षात राहिली.

निळी सुरेख यायची, सरळ माझ्या नाकासमोर, आणि टोपलीशी पोहोचताना आळस आल्यासारखी दादाच्या डाव्या हाताला कलायची. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"चकती है कि गाय?" तिवारीजी म्हणाले. "शाम होते ही घर की तरफ़ मुड़ जाती है."

मग रविवारची पिवळी आली. ती तर आणखी वळली. दादाचे खांदे उतरले. "बघितलंस? हात गेलाय." त्याने दोन्ही चकत्या फडक्यात बांधल्या आणि वैतागून, जाता जाता, रोजची मळकी पटर काढून फेकली. छन्न! साखळ्या वाजल्या. दुसऱ्यांदा, छन्न. तिसऱ्यांदा उंच गेली, पण सरळ.

मी टोपलीमागून ओरडले, "दादा, अरे, रविवारी हीच का नाही टाकत?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला लग्नात बनियन घालून जायला सांगितलं. "ही? रविवारी? बघ तिची दशा! सामन्याला चांगली नको?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आमच्या घरात चांगलं ते नेहमी बाहेरच्यांसाठी असायचं. बशांसह कप पाहुण्यांचे, आम्हाला कान तुटलेले. नव्या चादरी कुणी येणार असेल तेव्हा. आमचीच काय, पिपलानीतल्या सगळ्याच मराठी घरांची ही तऱ्हा. दादाने रोज तीच जुनी पटर फेकून हात तिच्यावर बसवला होता आणि रविवारी अंगाला न लागलेली नवी घेऊन मैदानात उतरत होता.

"पण दोन्ही एकाच साच्यातल्या आहेत," तो अडून बसला. "घासलेला नग नव्यापेक्षा चांगला कसा असेल? सारी नोकरी मी घासलेल्या नगाला लाल ठिपका लावून बाजूला टाकलंय."

"तर मग मोज," मी म्हटलं.

हे मात्र त्याला पटलं. तिथेच बाकावर बसून त्याने दोन्ही पिवळ्यांच्या कडा कॅलिपरने मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मग अंगठा फिरवत म्हणाला, "नवीची कड खालून धारदार आहे. वेग कमी झाला की तीच वळवत असणार. हिची आपटून आपटून गोल झालीय."

"मतलब?" तिवारीजींनी विचारलं.

"मतलब हाथ ठीक है," दादा म्हणाला. पण आवाजात खात्री नव्हती.

रविवारी सकाळी धुकं होतं. जोड्या जमल्या. दादाच्या पिशवीत दोन्ही पिवळ्या होत्या. पहिल्या टोपलीपाशी त्याने पिशवीत हात घातला, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि नवी काढली. इतक्या वर्षांची सवय चार लोकांसमोर कशी जाईल? चकती डावीकडे मेंदीत गेली. तिवारीजींनी कानटोपी कानांवर ओढून घेतली. दादा मेंदीतून चकती काढून आला तेव्हा त्याचे डोळे जमिनीवर होते. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या टोपलीपाशी पलीकडच्या जोडीतले एक गृहस्थ म्हणाले, "देशपांडे जी, जल्दी नहीं है, आराम से." दादाने पिशवी उघडली आणि मळकी पटर काढली. ते गृहस्थ हसले. "ये कहाँ से निकाली, नाली से?"

"रोज़ की है," दादा म्हणाला आणि फेकली.

छन्न!

तिवारीजींनी आधी टोपलीकडे बघितलं, मग दादाकडे, आणि मग कानटोपी काढून हवेत उडवली. ती आणायला त्यांना निलगिरीखाली जावं लागलं.

सामना ते हरले, हे सांगून टाकते. शेवटच्या टोपलीला दादाला लांबून टाकायची होती. चकती नेमकी सरळ गेली आणि टोपलीच्या हातभर अलीकडे पडली. मी धास्तावून त्याच्याकडे बघितलं. तो कमरेवर हात ठेवून त्या चकतीकडे बघत होता. "सीधी गई," तो तिवारीजींना म्हणाला. "बस, कम पड़ी. ज़ोर लगाना पड़ेगा."

"अगले इतवार लगा लेना. देर मत करना."

"देर तुम करते हो."

नंतर कोपऱ्यावरच्या गाडीवर आम्ही पोहे-जलेबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि वरून आंबटगोड मसाला, बाजूला गरम जलेबी. भोपाळला गेलात तर सकाळी हॉटेलातल्या नाश्त्याच्या नादी लागू नका. परतताना निळी पटर दुकानात दिली. दुकानदाराने ती उजेडात फिरवून फिरवून बघितली. एकही ओरखडा नव्हता.

सोमवारी मी नागपूरला परतले. जे आणायला गेले होते ते घेतलंच नाही, असा माझा हा प्रवास. मुग्धाला तसं कळवलं तर ती फोनवर रडली आणि हसली, आणि कोणतं आधी ते मला नीट कळलं नाही. माहेर सोडताना दरवेळी होतं तसं या वेळीही बुधनीच्या घाटात मला दाटून आलं होतं, पण वहिनी गेल्यापासूनची ती एक धास्ती, की आता पुढच्या खेपेला दादा कसा दिसेल, ती बरीच कमी झाली होती.

काल त्याचा फोन आला. मागून छन्न छन्न ऐकू येत होतं, म्हणजे तिवारीजी टाकत होते.

"मंजू, मुग्धाने दिलेली नवी पटर आता मी रोज सकाळी मुरमाच्या वाटेवर आपटतोय. झाडांवर पण मारतो. तिवारी म्हणतो, बच्ची का तोहफ़ा है, रहम करो."

"मग होतेय का सरळ?"

"थोडी थोडी. घाई करून चालत नाही गं, कड सगळीकडून सारखी घासली पाहिजे. मी हिशोब केला. ही तयार व्हायला पुढची थंडी उजाडेल."