धुतलेले हात

मॅडमनी माझा हात हातात घेतला, पर्समधून पांढरा रुमाल काढला, ग्लासातल्या पाण्यात बुडवला आणि माझी बोटं घासायला सुरुवात केली. एकेक बोट. नखांच्या कडेला जोर लावून. काउंटरपलीकडे दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यादेखत. मग रुमाल उलगडून त्यांना दाखवला.

"देखिए, कुछ नहीं निकला. साड़ी का रंग नहीं है. इसके हाथ ही ऐसे हैं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

माझे हात मनगटापर्यंत तांबूस-तपकिरी आहेत. नखांच्या कडा काळ्यानिळ्या. आम्ही उज्जैनजवळच्या भैरवगढचे रंगारी. आजोबा खानदेशातून कापडछपाईचे लाकडी ठसे घेऊन आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि अंगणातच रंगाची नांद. मी नऊ वर्षांची असताना आईनं माझे हात पहिल्यांदा त्या नांदेत घातले. कापड कुठे रंग कमी प्यायलंय ते डोळ्यांना उशिरा कळतं, बोटांना आधी. त्यामुळे हातात काही घालून हे काम होत नाही. रंग चढतो तो चढतो. पुढे मी बी.ए. झाले, तरी हात तेच राहिले.

मी बी.ए. झाले त्याच साली माधवनगरात काचेची शोरूम उघडली. तोवर उज्जैनात साड्यांची दुकानं होती. आता शोरूम झाली, एसी आला, गादीवर बसणाऱ्या शेटच्या जागी खुर्चीवर मॅडम आल्या. मॅडम मराठी. त्यांचे पणजोबा रियासतीच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांचा पगडीतला फोटो कॅश काउंटरच्या वर लावला होता. मुलाखतीत मॅडम म्हणाल्या, "मराठी मुलगीच हवी होती मला. आपली वाटते."

मला ही नोकरी हवी होती ती आईसाठी. डॉक्टरांनी तिला साफ सांगितलं होतं, रंगाचं पाणी सोडा, नाहीतर हा खोकला जायचा नाही. वडील नव्हते. माझा पगार नीट सुरू झाला की आई नांदेतून बाहेर येणार, एवढं सरळ गणित होतं आमचं.

रुमालाच्या दुसऱ्याच दिवशी मॅडमनी पांढरे सुती हातमोजे दिले.

"हे घालत जा. गिऱ्हाइकाला वाटतं, साडीचा रंग सुटतोय. आणि खरं सांगू? घाण दिसतं गं ते."

सहा महिने मी ते मोजे घातले. गंमत बघा, त्या शोरूममध्ये सगळ्यात वरच्या फळीवर भैरवगढचाच माल होता. त्यातल्या काही साड्या माझ्या आईनं रंगवलेल्या. मी मोजे घालून त्या उलगडायची आणि सांगायची, हाथ का काम है बहनजी, पूरा हाथ का. मोज्यांतून पोत कळायचा नाही, पदर निसटायचा. डबा खाताना मोजे काढायचे, तेही मागच्या खोलीत.

आईला सांगितलं, एसीत थंडी वाजते. पण रोज संध्याकाळी माझे मोजे ती वेगळ्या बादलीत धुवायची. आमच्या घरातल्या कुठल्याही रंगाचा थेंब त्यांना लागू द्यायची नाही. तिला सगळं समजलं होतं.

मग मॅडमनी प्रदर्शन ठरवलं. भोपाळहून अफसर येणार, पेपरवाले येणार. काचेच्या खिडकीत कारागीर बसवायचा आणि त्यानं लोकांसमोर ठसे मारायचे, अशी त्यांची कल्पना.

"तुझी आई करते ना हे काम? तिलाच घेऊन ये," मॅडम म्हणाल्या.

मी आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मला पण मोजे देतील का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. तिथंच चुकले. विचारून यायला हवं होतं.

तीन दिवस आई मोरीत बसून होती. ब्लीचिंग पावडर, लिंबू आणि पाय घासायची वजरी. हात पाण्यात बुडवायचे, घासायचे, पुन्हा बुडवायचे. मी ओरडले तर म्हणाली, "तुझ्या ऑफिसात तुझी बेइज्जती नको व्हायला." चौथ्या दिवशी सकाळी ती लग्नातली साडी नेसून बाहेर आली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. सालटं निघाली होती, पेरांवर चिरा पडून रक्त आलं होतं. पण हात गोरे झाले होते.

"बघ, निघाला," ती म्हणाली. खूश होती.

आईच्या हातांचा खरा रंग मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. उशीर होत होता.

शोरूमच्या खिडकीत पांढरी चादर, बैठं टेबल, ठसे, रंगाची थाळी, सगळं मांडून ठेवलं होतं. मॅडमनी आईला नमस्कार केला आणि त्यांचं लक्ष हातांकडे गेलं.

"अहो बाई, हे काय केलंत? हात धुऊन कशाला आणलेत? फोटोत रंगलेले हात यायला हवेत."

"घाण दिसू नये म्हणून, बाईसाहेब," आई म्हणाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग बोर्ड रंगवायला आणलेली लाल रंगाची बाटली आणि ब्रश घेऊन त्या स्वतः आईसमोर बसल्या. आईनं हात पुढे केले. ब्रश चिरांवरून फिरला तसा तिचा खांदा उडाला.

"हलू नकोस," मॅडम म्हणाल्या. 'अहो बाई'ची 'तू' व्हायला दोन मिनिटं लागली. मग माझ्याकडे न बघता, "आणि तू पण आज ते मोजे काढ. आईशेजारी बस. मस्त दिसेल."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. घाण बिण काही नव्हतं. आमचे हात कधी झाकायचे आणि कधी मांडायचे, ते ह्या बाई ठरवणार होत्या. सहा महिने मी लाजत होते ती फुकट लाजत होते. आणि माझ्या त्या लाजेपायी माझ्या आईनं स्वतःचं कातडं सोललं होतं.

"मॅडम, ब्रश खाली ठेवा."

"लावू दे गं," आई पुटपुटली. "नोकरी आहे तुझी."

मी मोजे काढले. त्याच मोज्यांनी आईच्या हातांवरचा लाल रंग टिपून घेतला, हळूहळू, चिरा सांभाळत. मोजे चादरीवर टाकले. आईला दंडाला धरून उठवलं.

मॅडम मागून म्हणाल्या, "मराठी म्हणून घेतलं होतं तुला. जाणीवच नसते तुम्हा लोकांना."

टेम्पोत आई माझ्याकडे बघत नव्हती. भैरवगढ आलं तेव्हा म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." मग आठ दिवस बोलली नाही. तिला माझा अभिमान बिभिमान काही वाटला नाही. मुलीनं लागलेली नोकरी घालवली, एवढंच तिला दिसलं, आणि ते खोटं नव्हतं. नवव्या दिवशी हात पुरते भरायच्या आत ती पुन्हा नांदेवर उभी राहिली. शेजारी मी.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी त्या खिडकीत आमच्याच गल्लीतली एक काकू बसली. पेपरात तिच्या हातांचा फोटो आला. नाव नव्हतं. मी तिला दोष देत नाही.

त्याला आता चार वर्षं झाली. आईचा खोकला वाढलाय. तिला नांदेतून बाहेर काढायचं माझ्याच्यानं झालं नाही आणि होईलसं वाटतही नाही. शाळा, कॉम्प्युटर क्लास, डॉक्टरांचं रिसेप्शन, मी सगळीकडे जाऊन आले. एकानं तर विचारलं, काही रोग आहे का.

मुलाखतीला गेले की मी खुर्चीत बसते आणि आधी दोन्ही हात टेबलावर ठेवते. मग नाव सांगते. समोरचा हातांकडे बघतो, फाइल मिटतो, कळवतो म्हणतो. कुणी कळवत नाही.

उद्या उज्जैनातच देवास गेटला एका कुरिअरच्या ऑफिसात बोलावलंय. आई सकाळपासून मागे लागली आहे, निदान लिंबू तरी लाव. मी लावणार नाही. जेवणाआधी धुते तसे साबणानं हात धुईन, त्याहून जास्त नाही. नोकरी मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. हात टेबलावरच ठेवीन.