मला येत नाही

१४ ऑगस्ट १९९८, शुक्रवार, ओमानमधलं इब्री. संध्याकाळचे पाच. मी वॉर्डातल्या नळाखाली ॲप्रनवरचं रक्त धूत होते. साबणाने ते आणखीच पसरत होतं. मागून कान-नाक-घशाचे आमचे सर आले. हात पुढे केले. मी बाजूला झाले. हात धुता धुता ते मराठीत बोलले, म्हणजे मल्याळी नर्सला कळू नये, मला कळावं.

"कोट्यातून डॉक्टर होता येतं. डॉक्टरकी येत नाही."

मी ॲप्रन पुन्हा नळाखाली धरला.

त्या दिवशी अख्ख्या हॉस्पिटलात डॉक्टर मी एकटी. गुरुवार-शुक्रवार सुट्टी. सर बुधवारी संध्याकाळी मस्कतला, दार्सैतच्या घरी जायचे. जाताना नाक-घशाच्या अवजारांच्या कपाटाला कुलूप. किल्ली त्यांच्या गाडीच्या किल्लीला अडकवलेली. चिमटे हरवतात, म्हणायचे. दार्सैतहून इब्री तीन तास.

साडेअकराला हमीदभाई आले. मूळचे गुहागरकडचे, बाजारात किराणा दुकान. नाकाला लावलेला टॉवेल रक्ताने भिजलेला.

"डॉक्टरीणबाई, जुम्म्याला जायचाय मला. ह्या रगात तेवढा बंद करा."

मी नाकात पट्टी कोंबली. रक्त थांबलं. मला बरं वाटलं. पण हमीदभाई सारखे गिळत होते. गळ्याची घाटी वर-खाली, वर-खाली. मी बघत होते आणि काय बघतेय ते मला कळत नव्हतं. साडेबाराला ते ओकले. ट्रेभर काळं रक्त. नाकाच्या मागच्या बाजूने ते घशात उतरतच होतं.

सलाईन लावलं. रक्त मागवलं. सरांना फोन केला. निघतो, म्हणाले. तोपर्यंत काय करू, हे विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मेडिकल कॉलेजात पाय ठेवल्यापासून "मला येत नाही" हे शब्द मी तोंडातून काढले नव्हते. आम्हाला ती सोय नव्हती. म्हटलं की लगेच कोटा. म्हणून जे यायचं नाही ते गुपचूप पुस्तकात बघायचं. त्या दिवशी पुस्तक बघायलाही वेळ नव्हता.

साडेतीन तास मी त्या बंद कपाटाकडे बघत हमीदभाईंचं बीपी घेत राहिले. शंभर. नव्वद. ऐंशी. जुम्म्याची नमाज होऊन गेली. त्यांनी बोलणं सोडलं. नुसते गिळत राहिले.

सर चारनंतर आले. कपाट त्यांनी उघडलंच नाही. नर्सकडून लघवीची नळी मागितली. नाकातून घशापर्यंत घातली, टोकाचा फुगा पाण्याने फुगवला आणि नळी पुढे ओढून बांधली. पाच मिनिटं. गिळणं थांबलं. हमीदभाई वाचले. आणखी तासभर गेला असता तर नसते वाचले. तसल्या नळ्या माझ्या वॉर्डात खोकाभर होत्या.

नळापाशी उभी असताना मला कुलकर्णी आठवला. माझ्याइतकाच नवा डॉक्टर. जूनमध्ये त्यानेही अशीच पुढून पट्टी कोंबली होती, त्याचाही पेशंट असाच ओकला होता. तेव्हा सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "नवा आहेस. शिकशील."

पण शिकवलं त्यालाही नव्हतं. आणि पुढच्या गुरुवारी ड्यूटी त्याची होती.

शनिवारी सकाळी साडेसातला मी मेडिकल डायरेक्टरांच्या टेबलावर कागद ठेवला. नाकाच्या मागचा रक्तस्राव थांबवणं मला येत नाही. डॉक्टर कुलकर्णींनाही येत नाही. आम्हाला कुणी दाखवलेलं नाही. आमच्या हातून करून घेतल्याशिवाय मी सुट्टीची ड्यूटी एकटी करणार नाही. खाली सही. आडनाव पूर्ण, एरवीसारखं नुसतं आद्याक्षर नाही.

मग वॉर्डातून एक नळी घेतली आणि सरांच्या ओपीडीत गेले. समोर पेशंट बसलेले.

"सर, मला येत नाही. दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता," मी म्हणाले, आणि दारातूनच कुलकर्णीला हाक मारली.